गोधडीसाठी कापड घेताना

गोधडीसाठी कापड विकत आणावे लागते, असे दोन पिढ्यांपूर्वीच्या एखाद्या गृहिणीस कोणी सांगितले असते, तर तिने प्रथम सांगणाराच्या व्यवहारबुद्धीविषयी शंका घेतली असती, आणि मग त्या घरातील माणसे उघडी फिरतात की काय, अशी चौकशी केली असती. कारण ज्या घरात माणसे वस्त्रे नेसतात त्या घरात ती जुनी होणारच, आणि जुनी झालेली वस्त्रे अखेर गोधडीत जाणारच, हा तिच्या लेखी सृष्टिक्रम होता. सणासुदीचे लुगडे कालांतराने रोजच्या नेसण्यात येई, रोजचे लुगडे विरले की त्याचे दुपटे होई, आणि दुपट्यातूनही जे उरे त्याची घडी करून माळ्यावरच्या गाठोड्यात बांधून ठेवीत. गोधडी शिवावयास बसले की ते गाठोडे खाली येई. या व्यवहारात दुकानदार नावाचा इसम फक्त सुई आणि दोरा यांपुरताच येत असे.

यंदाच्या अंकाची मध्यवर्ती कल्पना घरातील वस्त्रे अशी ठरवून संपादकांनी गोधडी माझ्या वाट्यास दिली, तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा आजीच्या उबेविषयी काही हळवे लिहून मिळावे अशी असावी. त्या विषयावर मराठीत पुरेसे लिहून झाले आहे. मला जो प्रश्न पडला तो निव्वळ बाजाराचा होता. आज ज्याच्या घरी जुन्या सुती वस्त्रांचे गाठोडे उरलेले नाही आणि तरीही ज्याला गोधडी शिवावयाची किंवा शिवून घ्यावयाची आहे, त्याने कापड कोठून घ्यावे, वाराने घ्यावे की वजनाने घ्यावे, आणि दुकानात उभे राहिल्यावर नेमके काय पाहावे? या प्रश्नाचे उत्तर शोधीत मी मुंबईच्या कापडबाजारात हिंडले, पुण्याच्या रविवार पेठेत गेले आणि पंचगंगेकाठच्या एका गावी वाकळा शिवणाऱ्या बायकांच्या सोप्यात जाऊन बसले.

जुन्या कापडाने फुकटात केलेली कामे

प्रथम त्या सोप्याविषयी सांगितले पाहिजे, कारण बाजारातील पुष्कळशा गोष्टींचा उलगडा मला तेथे झाला. कोल्हापूर भागात गोधडीला वाकळ म्हणतात. सारवलेल्या जमिनीवर तळाचे कापड अंथरून त्याच्या चारी कोपऱ्यांवर वरवंटा, पाट, तांब्या, जे हाताशी येईल ते वजन ठेवलेले होते. त्यावर जुन्या धोतरांचे आणि साड्यांचे तुकडे एकास एक भिडवून थर पसरण्याचे काम चालू होते, आणि दोघीजणी कडेने मोठमोठे टाके घालून ते थर जागच्या जागी बांधीत होत्या. धावदोऱ्याचे खरे शिवण त्यानंतर सुरू होते. कडेकडेने एक फेरी पूर्ण झाली की तिच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी, अशा चौकोनी आवर्तनांनी शिवण मध्याकडे सरकते.

येथे एक भेद ध्यानात ठेवावयास हवा. उत्तरेकडील रजईत पिंजलेला कापूस भरतात. पाश्चात्त्य देशांतील क्विल्टमध्ये वरचे आणि तळचे कापड यांच्यामध्ये कापसाचा अथवा पॉलिएस्टरचा तयार थर घालतात. आपल्या गोधडीत असे काही भरणे नसते. कापडावर कापड, त्यावर कापड, आणि त्या थरांमध्ये कोंडून राहिलेली हवा, एवढ्यावरच तिची सारी ऊब अवलंबून असते. म्हणून गोधडीत वरचे कापड जितके महत्त्वाचे, तितकेच किंबहुना त्याहून अधिक महत्त्वाचे आतले असते, आणि विकत घेणारा मनुष्य नेमका तेथेच फसतो. तो वरच्या कापडाच्या वेलबुट्टीवर अर्धा दिवस खर्च करतो आणि आत काय घालावयाचे याचा विचार घरी पोचल्यावर करतो.

शिवणाऱ्यांपैकी वयाने सर्वांत मोठ्या असलेल्या बाईंना मी विचारले की, सगळेच्या सगळे कापड नवे कोरे घेतले तर काय बिघडेल. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “बिघडत काय न्हाई ताई, पर नव्याला आधी म्हातारं करून घ्याय लागतंय.” या वाक्यात कापडखरेदीचे जवळजवळ सर्व शास्त्र आले आहे. पंधरा-वीस वर्षे नेसलेल्या, बडवलेल्या आणि उन्हात वाळवलेल्या सुती लुगड्याने आटावयाचे तेवढे आटून घेतलेले असते, त्याचा जायचा तो रंग गेलेला असतो, त्यातील खळ धुपून सूत मऊ झालेले असते, आणि विणीत इतका सैलपणा आलेला असतो की चार-पाच थरांतूनही सुई अडत नाही. वीस वर्षांच्या धुण्याने फुकटात करून दिलेली ही कामे नवे कापड घेणाराने एक तर स्वतः करावयाची असतात, नाही तर कापड निवडतानाच टाळावयाची असतात.

शिवाय मापाचीही सोय होती. नऊवारी लुगडे म्हणजे सत्तावीस फूट लांबी आणि सुमारे चार फूट पन्हा. पाच फूट रुंद व सात फूट लांब गोधडी शिवावयाची, तर त्या लुगड्याचे सात-सात फुटांचे तीन पट निघतात, ते शेजारी शेजारी जोडले की बारा फूट रुंदी भरते, आणि तिच्यातून गोधडीचे दोन थर होऊन वर सहा फुटांचा तुकडा ठिगळांसाठी शिल्लक राहतो. दोन लुगडी आणि एक धोतर एवढ्यावर अंथरूण-पांघरुणाची एक जोखमीची बाब निकालात निघत असे. सहावारी साडीत हा हिशेब इतका नेटका बसत नाही. तिच्यातून सात फुटांचे दोनच पट निघतात, एक थर होतो, तीन फुटांची पट्टी उरते आणि शेवटचा चार फुटांचा तुकडा कोठे बसवावा याची चिंता राहते.

गाठोडे रिकामे कसे झाले

हे गाठोडे एकाएकी रिकामे झाले नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1943 साली, सरकारने सूत आणि कापड यांवर नियंत्रण बसविले, आणि कंट्रोलचे कापड मिळविण्यासाठी रांगा लागल्या, त्या दिवसांतही गोधडीला तोटा पडला नाही, कारण टंचाईच्या काळात जुने कापड अधिकच जपले जाते. तोटा पडला तो विपुलतेच्या काळात. टेरीलीन, टेरीकॉट आणि त्यामागून सुरतेच्या कृत्रिम धाग्याच्या साड्या आल्या. त्या विरत नाहीत, विटत नाहीत, इस्त्री मागत नाहीत, आणि म्हणून गृहिणींनी त्यांचे मनापासून स्वागत केले, यात त्यांची काही चूक होती असे मला वाटत नाही. पण जी साडी विरत नाही ती मऊही होत नाही, घाम शोषीत नाही, आणि गोधडीत घातली तर तिच्यावरून शेजारचा सुती थर घसरत राहतो. 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा जो संप सुरू झाला, त्यानंतर मुंबईच्या गिरण्यांची धुराडी एकामागून एक थंडावली, आणि गिरणीची मलमल, गिरणीचे वायल, गिरणीचे धोतर हे घरोघरचे परिचित जिन्नस दुर्मिळ होत गेले. सुती कापड नाहीसे झाले असे नव्हे. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी येथील यंत्रमागांवर ते आजही विणले जाते. परंतु रोज नेसून जुने करण्याचे वस्त्र म्हणून ते घरातून उठले.

जे थोडे उरले ते बोहारणीने नेले. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन दारोदार येणारी बोहारीण सुती साडीचा पोत बोटांत धरताच तिची किंमत जाणते, हे मी लहानपणापासून पाहात आले आहे. चार कृत्रिम साड्यांना ती नाके मुरडते आणि एका विरलेल्या सुती पातळासाठी स्टीलचा डबा काढून देते. घासाघीस करणाऱ्या गृहिणीला आपण जिंकलो असे वाटते. परंतु त्या व्यवहारात जाणकार कोण होते, हे उघड आहे.

मंगळदासच्या बोळांत

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या शेजारी मंगळदास मार्केट आहे आणि तेथून काळबादेवीच्या बाजूस थोडे चालले की मुळजी जेठा मार्केट लागते. मुळजी जेठा ही घाऊक व्यापाराची जुनी पेढी-वसाहत. तेथे ताक्यांचा हिशेब चालतो आणि अडीच मीटर मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे कोणी मान वर करून पाहील याची शाश्वती नसते. किरकोळ गिऱ्हाइकाने मंगळदासमध्येच शिरावे. छपराखालचे अरुंद बोळ, दोन्ही हातांस पेढ्या, पांढऱ्या गादीवर बसलेले विक्रेते, आणि डोक्यावरून ताके वाहून नेणाऱ्या हमालांच्या आरोळ्या, अशा त्या गर्दीत गोधडीचे गिऱ्हाईक म्हणून उभे राहिले की पहिला अनुभव असा येतो की, विक्रेत्यांजवळ या कामासाठी असे वेगळे कापडच नाही. साडीचे अस्तर, ब्लाउज, कुडता, पडदा, चादर या खात्यांत त्यांची दुनिया विभागलेली असते. मी गोधडीचे नाव काढले तेव्हा एका विक्रेत्याने मोठ्या सौजन्याने मला पडद्याचे कापड दाखविण्यास आरंभ केला, आणि ते इतके जाड होते की त्याच्या दोन थरांतून दाभणही मोठ्या मिनतवारीने गेली असती.

म्हणून येथे आपल्याला हवे ते कापडाच्या जातीच्या नावाने मागावे लागते. मलमल आणि वायल ही विरळ विणीची कापडे. ती हाताने शिवण्यास अत्यंत सोपी, अंगाला मऊ, आणि आतल्या थरांसाठी माझ्या मते सर्वोत्तम. वरच्या थराला मात्र ती नाजूक पडतात, कारण गोधडीचा वरचा थर ओढला जातो, घासला जातो आणि उन्हात तापतो. केंब्रिक त्याहून भरीव, पण सूत बारीक असल्याने पुरेसे मऊ. व्यापारी ज्याला साठ-साठ म्हणतात, म्हणजे ज्याच्या उभ्या व आडव्या दोन्ही धाग्यांचा काउंट 60 असतो, असे केंब्रिक वरच्या थराला उत्तम. पॉपलीन टिकाऊ खरे, परंतु त्याची वीण दाट असते. दोन्ही बाजूंना पॉपलीन लावले तर शिवणाऱ्या बाईची बोटे तिसऱ्या दिवशी तक्रार करू लागतात. चादरीचे कापड, मग ते कितीही मोहक असो, हातशिलाईच्या गोधडीसाठी घेऊ नये. त्याचा 90 इंची पन्हा पाहून जोड टळेल असा मोह पडतो, पण त्याची दाट वीण सुईला दाद देत नाही. मांजरपाट स्वस्त असते आणि दिसावयास खडबडीत असते. तरी दोन-तीन धुण्यांनंतर त्याची खळ गेली की ते तळाच्या थराला फार चांगले काम देते, ही माहिती मला दुकानात नव्हे, त्या सोप्यात मिळाली.

ब्लाउजपीसांचा एक स्वतंत्र विषय आहे. ओटीत आलेल्या खणांचा ढीग बहुतेक प्रत्येक मराठी घरात असतो, आणि त्याची गोधडी करावी ही कल्पना प्रत्येक गृहिणीस केव्हा ना केव्हा सुचते. त्या ढिगात टू बाय टूचे सुती तुकडे असतील तर ते अवश्य वापरावे. परंतु ओटीसाठी म्हणून घाऊक विकले जाणारे पुष्कळसे खण पाहुण्याच्या हातून पाहुण्याच्या हाती फिरण्यासाठीच जन्मास आलेले असतात. त्यांचे सूत कृत्रिम असते, आणि शंभर खण जमले तरी त्यातून निजण्यालायक गोधडी होत नाही.

प्रत्येक पेढीवर एक वाक्य ऐकू येते: प्युअर कॉटन आहे. ते खोटेच असते असे नाही, पण ते पडताळून घेण्यास हरकत नसावी. कापडाच्या कडेचा एकेक उभा व आडवा धागा ओढून घ्यावा आणि दुकानाबाहेर, उघड्यावर, काडीने पेटवून पाहावा. कापसाचा धागा कागद जळाल्यासारखा वास देत भुर्रकन जळतो आणि मागे करडी, बोटाने चुरडली जाणारी राख ठेवतो; पॉलिएस्टरचा धागा आधी आक्रसतो, मग वितळतो आणि मागे कठीण मणी राहतो. दोन्ही दिशांचे धागे पाहण्याचे कारण असे की, मिश्र कापडात उभा धागा एक आणि आडवा दुसरा असू शकतो. ही परीक्षा करू देण्यास जो दुकानदार आनंदाने नमुन्याचे दोन धागे देतो, त्याच्याकडे मी पुन्हा जाईन.

वजनाने घ्यावे की वाराने

मीटरच्या दराने कापड घेणे ज्यांना महाग वाटते त्यांना कोणी ना कोणी वजनाने चिंध्या घेण्याचा सल्ला देतोच. शिलाई कारखान्यांत बेतून उरलेले तुकडे, ताक्यांची टोके, छपाई बिघडलेले तुकडे, हे सर्व गठ्ठ्यांनी विकले जाते. एके काळी सरकारदरबारीही या उरल्यासुरल्या कापडाचे लांबीनुसार फेंट, रॅग आणि चिंधी असे वर्ग पाडलेले होते, आणि त्यांवर कर किती घ्यावा याची मखलाशी दप्तरांतून चाले. गोधडी शिवणाराला या वर्गीकरणातील फेंटमध्ये, म्हणजे त्यातल्या त्यात लांब तुकड्यांत, रस असावा. परंतु वजनाच्या बाजारात ते क्वचितच सुटे मिळतात, कारण त्यांच्यावर लहान मुलांचे कपडे शिवणारांचा डोळा असतो.

वजनाचा सौदा स्वस्त पडतो की नाही, हे ठरविण्याचा हिशेब सोपा आहे. केंब्रिक किंवा हलके पॉपलीन यांचे एका चौरस मीटरचे वजन 110 ग्रॅमच्या आसपास धरले, तर एका किलोत नऊ चौरस मीटर कापड येते; 44 इंची पन्ह्याच्या भाषेत बोलावयाचे तर आठ मीटर. हा आकडा ऐकून डोळे विस्फारतात. पण त्याच किलोत जाड ड्रिल किंवा जीन्सचे कापड असेल तर हाती तीन-चार मीटरच लागतात, आणि बनियन, टी-शर्ट यांच्या होजियरीचे तुकडे असतील तर ते सुईखाली ताणत राहतात, त्यामुळे निरुपयोगी. जे तुकडे उरतात त्यांतही बगलेचे, गळ्याचे, बाहीच्या गोलाईचे वक्र तुकडे पुष्कळ असतात. त्यांच्या कडा उरेब पडलेल्या असतात, आणि उरेब कापड जोडताना ताणले गेले की सरळ चौकोनाची जागा एखादा वेडावाकडा पतंग घेतो. चौकोनी करण्यासाठी कातरी चालविली की पुन्हा घट. शिवाय एवढे तुकडे जोडण्याची मजुरी हिशेबात धरली पाहिजे, आणि ती बहुधा कोणी धरीत नाही, कारण ती मजुरी बायकांची असते.

पुण्याच्या रविवार पेठेत, बोहरी आळीच्या आसपासच्या दुकानांत, मला यावर एक मधला मार्ग सापडला. ताक्याच्या शेवटी उरलेले दीड-दोन मीटरचे कटपीस तेथे पुष्कळ दुकानदार वेगळे काढून ठेवतात, आणि गर्दीच्या वेळा टाळून गेले तर ते निवांतपणे उपसू देतात. तेथे वजनाची फसगत नाही, वक्र तुकडे नाहीत, आणि एकाच ठिकाणी सुताच्या सारख्या जाडीचे अनेक रंग मिळू शकतात. ही सारखी जाडी फार मोलाची आहे. एका पट्टीत मलमल आणि शेजारी जाड खादी असे जोडले, तर शिवणीच्या ओढीने मलमल फाटते, खादीला काहीही होत नाही, आणि गोधडी पहिल्याच पावसाळ्यानंतर ठिगळ मागू लागते.

कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूर भागात, सिद्दी समाजाच्या बायका कवंद नावाची गोधडी शिवतात. या समाजाच्या पूर्वजांपैकी पुष्कळांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणले होते, आणि त्यांच्या बोलीत कोकणीचा मोठा अंश आहे. या बायका लहानलहान तुकडे वापरतात, भडक वापरतात, पण ते आधी जोडून सलग कापड करीत नाहीत. तळाच्या थरावर कडेपासून आत एकेक तुकडा ठेवून थेट टाचीत जातात, आणि कोपऱ्यांवर घडी घातलेली त्रिकोणी फुले बसवितात. ज्यांना चिंध्याच वापरावयाच्या आहेत त्यांनी ही पद्धती पाहावी. तिच्यात उरेब कडेचा तुकडाही खपतो, कारण त्याला ताणून धरण्याचे काम तळाचे सलग कापड करते. तात्पर्य, चिंध्या घ्यावयाच्या असल्या तरी तळासाठी सलग कापड हे घ्यावेच लागते.

पन्हा, आट आणि पाणी

महाराष्ट्रातील गोधडी कशी होती आणि कशी आहे, याचे चित्रमय संकलन गीता खंडेलवाल यांनी आपल्या ग्रंथात केले आहे. ते चाळताना जुन्या गोधड्यांच्या पृष्ठभागावर शिवणीच्या रेषांमध्ये उठलेल्या बारीक लाटा दिसतात. त्या लाटा काही अंशी टाक्याच्या ओढीच्या आणि काही अंशी कापडाच्या आटण्याच्या असतात. थोड्या लाटा शोभतात. परंतु आतले थर जुने, आटून स्थिर झालेले, आणि वरचा थर कोरा, असा योग जुळला, तर पहिल्या धुण्यात वरचे कापड आखडते, आतले आखडत नाही, आणि गोधडी फुगलेल्या पुरीसारखी ठिकठिकाणी उठते. त्यात दुरुस्तीला वाव नसतो.

कोरे सुती कापड शेकडा तीनपासून आठपर्यंतही आटू शकते. सॅनफोराइज्ड असा शिक्का ज्यावर असतो ते कापड यंत्रात आधीच आखडवून घेतलेले असल्याने शेकडा एकच्या आसपास आटते. म्हणून खरेदीच्या वेळी शेकडा पाच तरी अधिक घ्यावे. पाच बाय सातच्या गोधडीच्या एका बाजूस 44 इंची पन्ह्याचे दोन पट लागतात, म्हणजे सव्वाचार मीटर, आणि आट धरून साडेचार. दोन्ही बाजूंना नऊ. यात प्रत्येक बाजूस सुमारे सव्वादोन फुटांची सात फूट लांब पट्टी उरते, ती किनारीला कामी येते. 58 इंची पन्हा मिळाला तर एकाच पटात भागते. गोधडी चार-पाच बोटे अरुंद होईल, पण सव्वादोन मीटरवर काम होईल आणि मधला जोड टळेल. माझे मत विचाराल तर तळासाठी 58 इंची घ्यावे आणि वरच्या बाजूस 44 इंची. वरच्या बाजूस जोड असला तर तो नक्षीत जिरतो.

घरी आणल्यावर ते कापड कातरीला दाखविण्यापूर्वी रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवावे, सकाळी साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन उन्हात वाळवावे, आणि शक्य तर हे दोनदा करावे. खळीने दिलेला खोटा भरीवपणा त्यात उतरतो. दुकानात टणक, झळझळीत वाटलेले पुष्कळसे कापड या एका स्नानानंतर मच्छरदाणीची कळा धारण करते, आणि मग दराविषयीचे आपले मत बदलते. दुकानातच याचा अंदाज हवा असेल तर कापडाचा कोपरा दोन्ही हातांच्या मुठींत धरून खसाखसा चोळावा. पांढरी भुकटी उडाली तर वीण कमी आणि खळ अधिक, असे समजून पुढच्या पेढीकडे वळावे.

रंगाची फिर्याद

रंगाविषयी मी मुद्दाम शेवटाकडे लिहीत आहे, कारण बहुतेक लोक तेथूनच आरंभ करतात. लाल, काळा आणि गडद निळा हे तीन रंग संशयित समजावेत. निळीचा रंग सुताच्या पृष्ठभागावर बसलेला असल्याने घासला की थोडाफार येतोच. तो तिचा स्वभाव आहे, त्याबद्दल दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नाही. लाल रंगाचे मात्र तसे नाही, तेथे पक्का आणि कच्चा यांत मोठी तफावत असते. पांढऱ्या रुमालाचा कोपरा ओला करून त्या कापडावर दहा-बारा वेळा घासावा. रुमालावर नुसती छटा आली तर धुऊन काम भागेल, पट्टा उमटला तर ते कापड पांढऱ्याशेजारी लावू नये. मिठाच्या पाण्यात भिजवले की रंग पक्का होतो, अशी घरोघरी समजूत आहे. रंगाच्या कढईत मीठ घालतात, त्याने रंग सुतात शिरण्यास मदत होते, ही गोष्ट खरी. परंतु रंगून बाजारात आलेल्या कापडाला मिठाने काही लाभ होत नाही. जादा रंग निघून जाईपर्यंत पुन्हा पुन्हा धुणे, हाच उपाय.

या बाबतीत काटकसर अंगाशी येते, कारण गोधडी कपड्यासारखी सुटी सुटी धुता येत नाही. आमच्या दक्षिण महाराष्ट्रात घटस्थापनेपूर्वी घरातील सर्व अंथरूण-पांघरूण नदीवर नेऊन धुण्याचा शिरस्ता आहे. त्या दिवसांत पंचगंगेच्या काठावर खडकांवर पसरलेल्या वाकळांच्या रांगा पाहिल्या तर लक्षात येते की, पाणी प्यालेली वाकळ दोघांनी दोन टोकांस धरून पिळावी लागते, आणि भाद्रपदाच्या ढगाळ दिवसांत ती दोन-दोन दिवस ओली राहते. एवढ्या अवधीत कच्चा लाल रंग पाच थर पार करून पाठीमागे उमटतो.

सुईचा कौल

अमेरिकेत क्विल्ट शिवणाऱ्या हौशी बायकांसाठी याच कामाच्या कापडाची वेगळी दुकाने असतात, आणि तेथे एक वार कापडाचा चतुर्थांश 18 बाय 22 इंचांच्या बेताचा कापून, घडी घालून तयार ठेवतात; त्याला फॅट क्वार्टर म्हणतात. आता आपल्या शहरांतही तशी बांधीव पुडकी दिसू लागली आहेत. नक्षीसाठी ती वाईट नाहीत. पण त्या पद्धतीत शिवण बहुधा यंत्रावर होते, मधला थर फुगीर व भुसभुशीत असतो, आणि यंत्राची सुई दाट विणीला भीत नाही. हाताने पाच थर शिवणाऱ्या बाईचे गणित त्याहून निराळे आहे, आणि आपल्याकडील हौशी खरेदीदार ते विसरतात.

त्या सोप्यात मी असताना शहरातून आलेले एक पार्सल उघडले गेले. त्यात दोन्ही बाजूंसाठी उंची, दाट विणीचे, छापील सॅटीन होते, आणि आत घालण्यासाठी चार कृत्रिम साड्या होत्या. कापड खरोखर देखणे होते. मोठ्या बाईंनी ते बोटांत धरले, सुई एकदा टोचून पाहिली, दुसऱ्यांदा टोचली, आणि घडी घालून बाजूस ठेवले. “ह्यात सुई शिरत न्हाई, आन् आतलं कापड ऱ्हात न्हाई,” एवढेच त्या म्हणाल्या. शिवावयाचे झाले तर दुप्पट दिवस लागणार, मजुरी मात्र गोधडीच्या मापावर ठरलेली. तेव्हा पार्सल परत जाणार हे उघड होते. ज्या गृहिणीने ते पाठविले तिने पैशात कोठेही कसूर केली नव्हती.

सर्वच कापड नवे घेऊन, धुऊन, शिवून घेतलेली गोधडी सोलापुरी चादरीहून पुष्कळ महाग पडते, हेही येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. काटकसर म्हणून कोणी या फंदात पडू नये. परंतु ज्यांना ती हवीच आहे त्यांनी आतले थर शक्य तितके घरातील किंवा आप्तांच्या घरातील जुन्या सुती वस्त्रांचे घालावेत, तळासाठी मांजरपाट किंवा रुंद पन्ह्याचे साधे सुती घ्यावे, आणि नवे देखणे कापड केवळ वरच्या थरापुरते, दोन वेळा धुऊन, वापरावे. आणि दिवाळीच्या गर्दीत ताका फाडून घेण्यापूर्वी, जी बाई ती गोधडी शिवणार आहे तिच्याकडे त्या कापडाचा वीतभर नमुना आणि आतल्या थरांचे तुकडे पाठवून, चार थर एकावर एक ठेवून सुई जाते का, एवढे तिला आधी विचारावे.